ब्लासियुस मास्तरांची काळी टोपी

माझ्याकडे माणूस आला की मी आधी त्याचं डोकं बघतो, तोंड नंतर. तावाऊच्या बाजारामागच्या गल्लीत चाळीस वर्षं मी टोप्या शिवतोय. काळ्या मखमलीच्या, उभ्या, पुढेमागे जराशा निमुळत्या. आमच्याकडे तिला सोंकोक म्हणतात. समोर सेबातिक बेट आहे, त्याचं अर्धं आमच्या देशात आणि अर्धं इंडोनेशियात. त्या पलीकडच्या अर्ध्यात तिलाच पेची म्हणतात. कापड तेच, माप तेच, आणि दोन्हीकडची बरीचशी डोकी याच बेद्दूने, म्हणजे मी, मोजलेली. फक्त मधे कुणीतरी एक सरकारी रेघ मारून ठेवलीय, आणि ती ओलांडली की त्याच टोपीचा अर्थ बदलतो. हे मला आधीपासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि अंगाशी येणं वेगळं.

आमच्या मलेशियात मलय माणूस म्हटला की तो मुसलमान. घटनेतच लिहिलंय, त्यामुळे कुणी त्यावर डोकं शिणवत नाही. सोंकोकवाला समोरून आला की बिनदिक्कत सलाम ठोकायचा. ख्रिस्ती लोक गावात थोडे नाहीत, माझा शेजारीच आहे, नाताळचा केक आम्ही त्याच्याकडेच खातो. पण त्याच्या डोक्यावर सोंकोक? छे. घाल म्हटलं तर तो मला वेड्यात काढेल. पलीकडची तऱ्हा निराळी. तिथे मुसलमान आमच्यापेक्षा किती तरी पट जास्त, पण देश कुणा एका धर्माच्या नावावर केला नाही त्यांनी. ओळखकार्डावर धर्म हवा, सरकारी यादीतला कुठलाही चालेल. आणि ही काळी टोपी त्यांच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांनी डोक्यावर घेतली, तेव्हापासून ती देशाची झाली. झेंडावंदनाला मुसलमान घालतो, ख्रिस्ती घालतो, बालीचा हिंदूही घालतो. मला काय, मी दोघांनाही शिवून देतो.

तर माझी भाची तेन्री. माझी बहीण पलीकडे दिलेली, ती वारली तेव्हा पोर दहा वर्षांची होती. बाप साक्का, मासेमारी करणारा, भला माणूस, पण बोलायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. पोरीला खरं वाढवलं तिथल्या शाळेच्या ब्लासियुस मास्तरांनी. हे मास्तर मूळचे इंडोनेशियातल्याच फ्लोरेस बेटाचे, कट्टर कॅथलिक, उंच, काळेकभिन्न, आवाज असा की गलबतावरच्या माणसाला किनाऱ्यावरून पाढे म्हणायला लावतील. परीक्षेच्या दिवशी दारात उभे राहून ते प्रत्येक पोराच्या कपाळावर अंगठ्याने क्रुसाची एक छोटीशी खूण करायचे, मुसलमान असो की ख्रिस्ती. आईबापांनी कधी हरकत घेतली नाही, कारण पोरं पास व्हायची. तेन्री विसाव्या वर्षी माझ्या दुकानात कामाला आली, तेव्हा तिला बोटीत बसवायला मास्तर आले होते. तेव्हाही अंगठा टेकवलाच. मी बघितलं. आपण मास्तरांना काय शिकवणार?

दुकानात दोन वर्षं झाली आणि एक अझ्मान नावाचा मुलगा टोपी शिवायला आला. बंदरावर क्रेन चालवायचा. माप तेन्रीने घेतलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला, म्हणे टोपी घट्ट होते. मग पुन्हा आला, म्हणे सैल होते. चौथ्यांदा आला तेव्हा मी म्हटलं, "बाळा, तुझं डोकं रोज बदलतंय, डॉक्टरकडे जा. नाहीतर आईला घेऊन ये."

त्याने आईला आणलं, आणि तिथून माझी झोप उडाली. हाज्जा रोहानी. नवरा गेलेला, हज केलेली, गल्लीतल्या बायकांना कुराण शिकवणारी, आणि अझ्मान एकुलता एक. तिला सून इथली हवी होती, इथल्या कार्डाची. तेन्रीला बघून तिने आधी विचारलं, "स्वयंपाक येतो का?" येतो. "नमाज?" पाचही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तसं म्हणायला काय, त्या बाजूचे लोकही मुसलमानच. पण कार्डापुरते. आपल्याकडे कसं, माणूस आधी मुसलमान, मग बाकीचं. तिकडे आधी झेंडा."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हाज्जाचा स्वतःचा बाप पलीकडच्या बोनेहून शिडाच्या होडीत बसून आला होता, हे साऱ्या तावाऊला ठाऊक. आम्ही सगळे बुगी जमातीचे, सगळे पलीकडूनच आलेलो, कुणी काल तर कुणी परवा. पण तेन्री पडद्याआडून माझ्याकडे बघत होती, म्हणून मी जीभ आवरली आणि म्हटलं, "हाज्जा, चहा घ्या."

अझ्मान हटून बसला. महिनाभर आईजवळ नीट जेवला नाही म्हणतात, मला ते खरं वाटत नाही, पोट चांगलं सुटलेलं आहे त्याचं. शेवटी हाज्जाने होकार दिला, पण असा, की कुठेही खुसपट सापडलं तर काढून घेता येईल. "लग्न तुमच्या घरी करा," म्हणाली, "पण एवढीशीही चूक मी चालवून घेणार नाही." तेन्री त्या दिवसापासून खाली मान घालून टोप्या शिवायची आणि मधेच मला विचारायची, "मामा, सगळं नीट होईल ना?" मी म्हणायचो, "न व्हायला काय झालं." हे मी इतक्या वेळा म्हटलं की मलाच भीती वाटायला लागली.

ऑगस्टचा पहिला शनिवार. निकाह सकाळी दहाला, माझ्या घरी. तेन्रीच्या बाजूने साक्षीदार माझा चुलतभाऊ अंबो तुवो, पलीकडेच राहणारा. नवऱ्याकडून अझ्मानचा काका. आठच्या बोटीने साक्का आला, चार पाहुणे आले आणि ब्लासियुस मास्तर आले. बातिकचा लांब हातांचा सदरा, इस्त्रीची घडी मोडेल म्हणून ताठ चालणं, आणि डोक्यावर मी सहा वर्षांपूर्वी शिवलेली पेची, ब्रश मारून लख्ख. अंबो तुवो मात्र नाही. सकाळी त्याच्या बायकोने त्याला नारळ आणायला पाठवलं आणि त्याची बोट चुकली.

"पुढच्या बोटीने येतोय," साक्का म्हणाला. एवढंच बोलला आणि कोपऱ्यात जाऊन ओठ हलवत बसला. मुलीचा वली, म्हणजे पालक, म्हणून काझीसमोर दोन ओळी म्हणायच्या होत्या, त्या तो आठवडाभर पाठ करत होता.

पुढची बोट साडेनऊला. मी धक्क्यावर गेलो. बोट आली नाही. दहा वाजले, सव्वादहा वाजले. धक्क्यावरचा माणूस म्हणाला, इंजिन बंद पडलंय, मधेच उभी आहे, ओढून आणतायत. मी त्याला विचारलं, कोण ओढतंय, कासव का? तो म्हणाला, काका, माझ्यावर का चिडता. बरोबर होतं त्याचं. मी पावणेअकराला हात हलवत घरी परतलो, काझींच्या पाया पडून अजून अर्धा तास मागायच्या तयारीने.

दारातच माझी बायको हसत समोर आली. "झालं की सगळं. काय सुंदर निकाह झाला. अझ्मानने एका दमात म्हटलं."

"साक्षीदार?"

"काझींना साडेबाराला दुसरा निकाह आहे, ते घाई करत होते. म्हणाले, मुलीकडचा कुणीही जाणता माणूस बसवा. मी आत बुरासाच्या, भाताच्या पुड्या सोडत होते, मला नंतर कळलं. हाज्जांनीच निवडला म्हणे."

"कुणाला?"

"तो तुमचा उंच पाहुणा नाही का, बातिकचा सदरा. हाज्जा म्हणाल्या, याच्या डोक्यावर सोंकोक बघा कसा सरळ बसलाय, असा माणूस हवा."

मी तिथेच चपलांच्या ढिगावर बसलो. बायकोला वाटलं उन्हामुळे, ती पाणी आणायला धावली. मास्तरांचा धर्म तिलाही माहीत नव्हता. आमच्याकडच्या त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हता. तेन्रीला माहीत होता, पण निकाहच्या वेळी ती आतल्या खोलीत बसलेली. ज्यांना माहीत होता ते पलीकडचे चार पाहुणे परसात सिगारेट ओढत होते. आणि साक्का समोर बसला होता, पण तो आपल्या दोन ओळींत बुडालेला. शेजारी वाघ बसवला असता तरी त्याला कळलं नसतं.

आता हे बघा. आमच्यात निकाहला दोन साक्षीदार लागतात, आणि ते मुसलमान लागतात. नवऱ्याने कबूल म्हटलं की काझी साक्षीदारांना विचारतो, "साह?" म्हणजे, झालं ना रीतसर? ते दोघे म्हणतात, "साह." त्यातला एक ख्रिस्ती निघाला तर निकाह झालाच नाही. बाहेर मंचावर तेन्री आणि अझ्मान पिवळ्या छताखाली शेजारीशेजारी बसले होते, हातात हात, बायका फोटो काढत होत्या, आणि या अख्ख्या घरात मला एकट्यालाच ठाऊक होतं की यांचं लग्न झालेलं नाही.

मी मास्तरांना हाताला धरून टोप्यांच्या खोलीत नेलं.

"मास्तर, तुम्ही साक्षीदार म्हणून बसलात?"

"बसलो तर. मान दिला त्यांनी." मास्तर खूश होते. "गावात जमिनीचे कागद, जन्माचे दाखले, कशावर माझी सही नसते? मी म्हटलं, तेन्रीच्या लग्नाला नाही तर कुणाच्या?"

"आणि साह म्हणालात?"

"मोठ्याने म्हणालो. त्या काकांचा आवाज पुटपुटल्यासारखा होता."

मी कपाळाला हात लावला. सांगितलं सगळं. मास्तरांचा चेहरा हळूहळू उतरला. वर्गात एखाद्या पोराने चोरी कबूल केल्यावर होत असेल तसा.

"मला कुणी विचारलंच नाही, बेद्दू," ते म्हणाले. "विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी कधी लपवलंय का?"

"लपवलं नाहीत हो. टोपी घातलीत."

"टोपी तर मी लग्नाला घालणारच. ती काय देवळातली आहे? माझ्या देशाची आहे. वडिलांना मूठमाती दिली तेव्हा हीच होती डोक्यावर."

तेव्हा माझ्या मनात एक घाण विचार आला, तो सांगून टाकतो. कागदावर सह्या अजून व्हायच्या होत्या. काझी म्हणाले होते, जेवणानंतर. मी म्हटलं, "मास्तर, पूर्ण नाव न लिहिता नुसतं बी हे अक्षर लिहिलंत आणि पुढे आडनाव खरडलंत तर?"

मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरीच्या वर्गात जाऊन बसलो. "तीस वर्षं पोरांना पूर्ण नाव लिहायला शिकवतोय मी. आणि समजा लिहिलं. ती पोर जन्मभर कुणाची बायको म्हणून राहणार? तुमच्या देवासमोर?"

मला लाज वाटली. खरंच वाटली. मी म्हटलं, "चला, काझींनाच सांगतो. हळूच, कानात. ते काहीतरी वाट काढतील. तुम्ही तेवढं जेवायला बसा आणि कुणाशी बोलू नका."

पण मी काझींपर्यंत पोचेपर्यंत ते दुआ मागायला लागले होते. पंगत बसली होती, समोर केळीच्या पानातला बुरासा, गलांगल घातलेली कोंबडी, रेंडांग. सगळ्यांनी हात पसरले. मास्तरांनीही पसरले, सभ्य माणूस. हाज्जा समोरच उभी, हातात भाताचं ताट. दुआ संपली, सगळे आमीन म्हणाले, मास्तरही म्हणाले, सगळ्यांत मोठ्याने. मग सगळ्यांनी तळहात तोंडावरून फिरवले. आणि मास्तरांचा हात, साठ वर्षांच्या सवयीने, कपाळावर गेला, छातीवर गेला, डाव्या खांद्यावर गेला, उजव्या खांद्यावर गेला.

मी ते थांबवू शकलो नाही. पाच पावलांवर होतो.

हाज्जाच्या हातातलं ताट हळूच खाली आलं. तिने ते कुणाच्या तरी मांडीवरच ठेवलं. "हे काय केलंत तुम्ही?" तिने विचारलं.

मास्तर उभे राहिले. "देवाचं नाव घेतलं. बाई, मी कॅथलिक आहे. तुमची काही फसवणूक झाली असेल तर माझी चूक आहे. ठरवून केली नाही."

पंगतीत कुणी घास उचलेना. एका म्हाताऱ्याने मात्र दोन घास खाऊन घेतले, मी बघितलं.

"अझ्मान," हाज्जा मंचाकडे वळून म्हणाली, "ऊठ. हात सोड तिचा. तुझा निकाह झालेला नाही."

मग जे व्हायचं ते झालं. बायकांचा गलका, साक्का खांबाला धरून उभा, काझी घड्याळ बघतायत. काझी जरा वयाने लहानच होते, पण शांत. म्हणाले, "त्यात एवढं काय, हाज्जा? अज्ञानाने झालं. दुसरा साक्षीदार बसवा, पुन्हा वाचू. दहा मिनिटांचं काम आहे."

"दहा मिनिटांचं नाही," हाज्जा म्हणाली. "हा वरून आलेला इशारा आहे. मी आधीपासून म्हणत होते. ज्या देशात कुणाच्याही डोक्यावर सोंकोक चढतो, तिथली मुलगी घरात आणायची म्हणजे उद्या माझ्या नातवंडांना तरी कळेल का आपण कोण? आपल्याकडे या टोपीला काही अर्थ आहे."

आता मात्र माझा तोल गेला. "हाज्जा," मी म्हटलं, "ती टोपी मी शिवलीय. तुमच्या मुलाचीही मीच शिवलीय. एकाच थानातली मखमल आहे, हवं तर उसवून दाखवतो. आणि मास्तरांना बसवलं कोणी? साक्काने? मी? मी तर धक्क्यावर उन्हात वाळत होतो."

हाज्जाचे कान लाल झाले.

अझ्मान उठला होता, पण त्याने तेन्रीचा हात सोडला नव्हता. हे माझ्या लक्षात आलं आणि मला तो पोरगा पहिल्यांदा मनापासून आवडला. तो म्हणाला, "आई, तूच निवडलंस त्यांना. इशारा असेलच तर तो तुझ्याच बोटाने आलाय. आता काझी सांगतात तसं करू. मी दुसऱ्यांदा म्हणतो. हवं तर तिसऱ्यांदाही म्हणेन, पाठ आहे मला."

तेन्रीने काजळ पुसलं जाऊ नये म्हणून मान वर धरली होती आणि छताकडे बघत होती. आईवेगळी पोर, आणि तिच्या लग्नात आम्ही एका टोपीवरून भांडतोय.

तेवढ्यात दारात अंबो तुवो उभा राहिला. ओला, पिवळा पडलेला, बोटीत दोनदा ओकून आलेला. एका हातात नारळाची पिशवी, बायकोची. आणि डोकं उघडं. त्यावर चार केस वाऱ्याने उभे.

"उशीर झाला का?" त्याने विचारलं.

कुणी हसलं नाही. मी म्हटलं, "अगदी वेळेवर आलास, बस इथे. तुझा सोंकोक कुठाय?"

"समुद्रात. इंजिन सुरू झालं आणि असा झटका बसला, की टोपी गेली उडून."

काझी लगेच कागद काढून बसले. त्यांना निघायचं होतं. "चला, साक्षीदार आले. हाज्जा, तुमची परवानगी?"

हाज्जा रोहानी एकदा मुलाकडे बघत होती, एकदा त्याच्या हातातल्या हाताकडे. मग तिची नजर अंबो तुवोच्या डोक्यावर गेली आणि तिथेच अडकली. फोटोवाला पुन्हा सरसावला होता. सगळी गल्ली दारात जमली होती.

"हा असा बसणार?" ती म्हणाली. "उघड्या डोक्याने? माझ्या मुलाच्या निकाहला? लोक म्हणतील धक्क्यावरून हमाल उचलून आणला. बेद्दू, टोपी द्या याला एक."

म्हणजे परवानगी होती ती. मी इतका घाईने टोप्यांच्या खोलीकडे वळलो की पाय घसरला. आणि तिथे जाऊन काय बघतो? सगळी फडताळं रिकामी. शिवलेला सगळा माल आदल्याच दिवशी पाहुण्यांच्या डोक्यावर चढला होता. उरल्या होत्या लहान मुलांच्या, हिरव्या, जरीच्या. मी एक घेऊन बाहेर आलो. अंबो तुवोच्या डोक्यावर ती पक्षी बसल्यासारखी बसली. आता मात्र लोक हसले.

माझी टोपी काढून द्यावी तर माझं डोकं भलं मोठं, ती त्याच्या गळ्यात उतरली असती. आणि फोटोवाला समोर असताना दुसरं कुणी आपली काढेना. काझी म्हणाले, टोपी नसली तरी चालतं. हाज्जा म्हणाली, "मला चालत नाही."

मास्तर मागे भिंतीशी उभे होते. त्यांनी आपली पेची काढली, आतून बाहेरून रुमालाने पुसली, आणि दोन्ही हातांत धरून हाज्जासमोर आणली. अंबो तुवोसमोर नाही, हाज्जासमोर.

"चालेल का ही?" त्यांनी विचारलं. "फक्त परत हवी. सतराला आमच्या स्वातंत्र्यदिनाचं झेंडावंदन आहे."

हाज्जाने ती घेतली. टोपी अंबो तुवोला थोडी सैल होत होती, भुवयांवर यायची. मी लग्नाची पत्रिका घडी करून आतल्या पट्टीत खुपसली आणि ती बसवली. इतकी वर्षं हा धंदा केला, पण पत्रिका खुपसून टोपी कधी बसवली नव्हती.

तेन्रीला आतल्या खोलीत बसवलं आणि निकाह पुन्हा वाचला. साक्काने आपल्या दोन ओळी म्हटल्या, या वेळी न अडखळता, कारण सराव झाला होता. अझ्मानने एका दमात कबूल केलं. काझींनी विचारलं, "साह?" अझ्मानचे काका म्हणाले, "साह." अंबो तुवोने तोंड उघडलं, पण पोटातलं वर येईल म्हणून पुन्हा मिटलं. मग काहीतरी पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," काझी म्हणाले.

"साह," तो म्हणाला, मांजराएवढ्या आवाजात.

आणि हाज्जा रोहानीच्या तोंडून निघून गेलं, "मघाशी त्यांनी कसं खणखणीत म्हटलं होतं."

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग अझ्मानच्या काकांना हसू फुटलं, मग साऱ्या खोलीला. मास्तर मान खाली घालून हसत होते, बोडक्या डोक्याने. हाज्जाने तोंडाला ओढणीचं टोक लावलं. रागाने लावलं की कशाने, ते मी सांगणार नाही, मला दिसलंच नाही. अंबो तुवोने चिडून तिसऱ्यांदा म्हटलं, "साह," तेव्हा ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. तेन्री आतल्या खोलीच्या दारातून बाहेर आली आणि माझ्या गळ्यात पडून इतकी रडली की माझा नवा सदरा भिजला.

चारच्या बोटीने पलीकडची मंडळी निघाली. आम्ही सगळे धक्क्यावर. हाज्जाही आली, बोलावलं नव्हतं तरी. मास्तरांना त्यांची पेची परत मिळाली होती, पत्रिका आतच राहिली होती. ते म्हणाले, राहू दे, आठवण.

नव्या नवरीने मोठ्यांच्या हाताचं चुंबन घ्यायची आमची रीत. तेन्रीने बापाचं घेतलं, साक्का रडला. मग ती मास्तरांसमोर आली, त्यांचा हात कपाळाला लावला आणि तशीच मान वाकवून उभी राहिली. हलेना. कशाची वाट बघतेय ते मला कळलं, आणि मास्तरांनाही कळलं. त्यांचा अंगठा वर आला. तिच्या कपाळापासून चार बोटांवर येऊन थांबला. त्यांनी हाज्जाकडे बघितलं. मी बघितलं. अझ्मानने बघितलं.

बोटीवरच्या माणसाने दोर सोडायला घेतला होता.

हाज्जा रोहानीने डोक्यावरून ओढणी सारखी केली आणि आमच्याकडे पाठ फिरवली.

"उरका, मास्तर," ती म्हणाली. "बोट सुटेल. मी समुद्र बघतेय."

ओहोटी लागली होती. तिकडे चिखल आणि दोन बगळे, याखेरीज बघण्यासारखं काही नव्हतं. पण ती बराच वेळ तिकडेच बघत राहिली.